व्हिक स्पिंक्सला आलेली नोटीस

१

शुक्रवारी पहाटे नेव्हिल ब्रॅमिचच्या शेडमध्ये पहिल्या चाळीस गाई दूध द्यायला उभ्या राहिल्या आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर गाईंच्या नंबरांऐवजी एक पत्र उमटलं. पत्र फार सभ्य होतं. ‘प्रिय नेव्हिल, टेलवेदरबरोबरच्या आपल्या नात्याविषयी आपल्या मनात शंका असल्याचे समजते. कलम सोळानुसार आपल्या सेवेचा फेरविचार सुरू केला आहे. निर्णय एकवीस दिवसांत कळवू.’ खाली हसणारी गाय काढली होती.

नेव्हिलने एक शिवी दिली आणि मग हिशेब केला. एकवीस दिवसांनी गाई व्यायला लागतात. कोणती गाय केव्हा व्यायची, कुणाची कास गेल्या वर्षी सुजली होती, कुणाला कोणतं औषध लागू पडत नाही, नऊ वर्षांचं हे सगळं टेलवेदर कंपनीच्या संगणकाच्या पोटात. गाईंच्या गळ्यातले नारिंगी पट्टे टेलवेदरचे, ते पट्टे ओळखून उघडणारी फाटकं टेलवेदरची. सेवा बंद म्हणजे सहाशे गाई एका दिवसात अनोळखी.

याच गोष्टीची तक्रार करायला चार गोठेवाले आदल्या संध्याकाळी टॉलर्स रिजच्या हॉलमध्ये जमले होते. होबार्टच्या दोघा भावाबहिणींनी छोटंसं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. पट्ट्यांतली माहिती वाचायची आणि शेतकऱ्याला हव्या त्या दुसऱ्या जागी मांडून द्यायची, एवढंच त्याचं काम. ते चालू झालं रे झालं की टेलवेदर आपल्या पट्ट्यांची भाषा बदलायचं. दोन वर्षांत अकरा वेळा बदलली. सोमवारी स्पर्धा आयोगाची अधिकारी याच हॉलमध्ये साक्षी ऐकायला येणार होती, आणि टास्मानियाच्या या कोपऱ्यातून चार सह्यांचं निवेदन तिच्या हातात पडणार होतं.

कुणाला कळू नये म्हणून काय कमी केलं होतं! फोन चौघांनी घरी ठेवले. निवेदन हाताने लिहिलं. दारं लावून घेतली. दोन तासांत कुणी बाहेर गेलं नाही; पिकअपवरच्या कुत्र्यांची एकदा आपसात जुंपली तेव्हा टान्या रोच तेवढी पायरीवरून ओरडून आली. सह्या झाल्यावर कागद ग्लेनिस पर्टनच्या स्वाधीन झाला. तिने तो घरी नेऊन फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या पिशवीखाली ठेवला.

ग्लेनिसच का? कारण तीस वर्षं ती गोठोगोठी फिरून दुधाचे नमुने घेत होती. कुणाच्या दुधात फॅट किती आणि कुणाच्या घरात भांडण किती, दोन्ही तिला ठाऊक. आणि एका गोठ्यावरचं दुसऱ्या गोठ्यावर तिने कधी सांगितलं नव्हतं. सदुसष्टाव्या वर्षी तिच्याकडे शिल्लक म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट होती.

सकाळी सातला नेव्हिल तिच्या दारात उभा राहिला.

"कॉरीला आलीय. टान्याला आलीय. मला आलीय," तो म्हणाला. "आणि कागद तुझ्याकडे होता, म्हातारे."

२

ग्लेनिसने त्याच्यासमोर फ्रीजर उघडलं. कागद होता तिथेच होता, वाटाणेही.

"मांजराशिवाय या घरात कुणी आलेलं नाही," ती म्हणाली. "आणि चौथा, अ‍ॅथल? त्याला नोटीस आली का?"

हा प्रश्न नेव्हिलला सुचला नव्हता. एकदा सुचल्यावर मात्र तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. ग्लेनिसने पुढे कितीदा तरी मनाशी म्हटलं, की ते वाक्य मी गिळलं असतं तर बरं झालं असतं.

कारण अ‍ॅथल मूनला नोटीस आलेली नव्हती.

दुपारी बाराला पशुखाद्याच्या दुकानात नेव्हिलने अ‍ॅथलला गाठलं. दुकानात आठ-दहा माणसं होती. मांसाचे गरम पॅटिस ठेवतात त्या काचेच्या कपाटापाशी टेलवेदरचा इथला माणूस, डेमियन कोल, चिमटा हातात घेऊन उभा होता.

"काल आमच्याबरोबर सही करताना हात नाही रे थरथरला तुझा?" नेव्हिल म्हणाला. "चौघांनी सह्या केल्या. तिघांना नोटीस. चौथा मीठ विकत घेतोय."

अ‍ॅथल बासष्ट वर्षांचा, एकटा, एकशे दहा गाईंचा धनी. बोलणं त्याला दूध काढण्यापेक्षा जड जायचं. त्याने गाईंना चाटायची मिठाची लादी खांद्यावर घेतली.

"मी कुणाला काही सांगितलं नाही," तो म्हणाला.

"मग तुझ्यावर एवढं प्रेम का?"

अ‍ॅथल दाराकडे वळला. दुकानातल्या लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. ती वाट जरा जास्तच रुंद होती. संध्याकाळपर्यंत त्याला दर आठवड्याला चारा पोचवणाऱ्याने ‘यंदा जमणार नाही’ असा निरोप धाडला.

कॉरी डी व्रीसने ग्लेनिसला फोन केला. "रविवारी दुपारी एकला हॉलमध्ये ये. कुणी फोडलं ते तोवर कळलं नाही, तर आम्ही तिघं सह्या काढून घेतोय. आणि ग्लेनिस, अ‍ॅथल नसेल तर मग तूच उरतेस. मला हे बोलायला आवडत नाहीये."

"मला ऐकायलाही नाही आवडलं," ग्लेनिस म्हणाली.

३

नमुने घेणाऱ्या बाईचा एक नियम असतो. मालक गाईचं जे वर्णन करतो ते ऐकून घ्यायचं, आणि बाटली भरून घ्यायची. शनिवारी सकाळी ग्लेनिस बाटल्या भरायला निघाली.

पहिली कॉरी. तिचा गोठा एवढा स्वच्छ की माशीने आत येण्यापूर्वी पाय पुसावेत.

"तुझा जावई टेलवेदरच्या लॉन्सेस्टनच्या कचेरीत आहे," ग्लेनिसने चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत विचारलं. "त्याला कळलं होतं?"

"जावयाशी मी ईस्टरनंतर बोललेली नाही. त्याने माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं, की माझ्या गाईंविषयी मला जेवढं माहीत आहे त्यापेक्षा त्याच्या कंपनीला जास्त माहीत आहे." कॉरीने कप बशीत आपटला. "खरं होतं, म्हणून जास्त राग आला."

"मग निवेदन मागे का घेतेस?"

"कारण तीन आठवड्यांनी चारशे गाई व्यायच्यात. माझ्याकडे त्यांची एक यादी नाही. मागितली तर कंपनी म्हणते, स्क्रीनवर बघा. उतरवून नेता येत नाही, छापता येत नाही. भाड्याच्या घरात राहतेय आणि घरमालकाने माझी मुलं कुलुपात ठेवलीयत, असं झालंय."

दुसरी टान्या रोच. दुसऱ्याच्या जमिनीवर आपल्या गाई राखणारी, तिशीची, रागीट.

"बुधवारी डेमियन तुझ्या फाटकापाशी अर्धा तास होता," ग्लेनिस म्हणाली. "डोंगरावरून दिसतं."

"तुम्हाला सगळंच दिसतं. नवीन फाटक फुकट देत होता. मी विचारलं, कशाबद्दल? तर म्हणे, निष्ठेबद्दल. मी म्हटलं, निष्ठा माझ्या कुत्र्याकडे माग, माझ्याकडे नाही."

"आणि त्याने?"

"हसला. तो नेहमीच हसतो. पगारात असेल."

टान्याचे डोळे सुजलेले होते. ग्लेनिसने ते पाहिलं आणि विचारलं नाही. जमीनमालकाचा करार टान्याशी होता, आणि गाई नीट व्याल्या नाहीत तर तो तिला ठेवणार नव्हता. फोडून तिला मिळणार होतं ते एक फाटक. एवढ्यासाठी ही पोरगी स्वतःचा गळा कापून घेणार नाही.

ती घरी पोचली तेव्हा दारात डेमियन कोल हातात केकचा डबा घेऊन उभा होता.

४

"मिसेस पर्टन, तुम्हाला त्रास होतोय असं ऐकलं," डेमियन म्हणाला. त्याचे बूट स्वच्छ होते. जूनच्या हिवाळी चिखलात या भागात स्वच्छ बूट घालणारा माणूस एक तर पाद्री असतो, नाही तर काहीतरी विकणारा.

"त्रास कुणामुळे, तेही ऐकलं असशील."

"लोक मनाला येईल ते बोलतात. तुमच्या माणसांपैकी कुणीही आमच्याकडे आलेलं नाही. मी शपथेवर सांगतो."

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"काय कळलं?" त्याने इतक्या निरागसपणे विचारलं की ग्लेनिसला त्याचं कौतुक वाटलं. "आम्ही फक्त गुरांची माहिती बघतो, मिसेस पर्टन. माणसांची नाही. तसं करारातच लिहिलंय. माणसांच्या खासगीपणाचं आमच्याइतकं कुणाला पडलेलं नाही."

"केक कसला?"

"लिंबाचा. मिसेस मूनना आवडायचा, असं अ‍ॅथलने एकदा सांगितलं होतं. त्याच्याकडेच चाललो होतो, पण त्याने दार उघडलं नाही. बिचाऱ्याला आज सकाळी आमचं पत्र गेलंय ना. नियम म्हणजे नियम."

डेमियन गेला. केक टेबलावर राहिला. ग्लेनिसने खुर्चीत बसून दिवस मोजले.

अ‍ॅथलला नोटीस. शनिवारी. बाकीच्यांना शुक्रवारी पहाटे, आणि त्याला एक दिवस उशिरा.

तिने नेव्हिलला फोन लावला. नेव्हिल म्हणाला, "असणारच! बोभाटा झाल्यावर त्याला झाकायला पाठवली. माझ्या कुत्रीलाही कळेल."

५

अ‍ॅथलच्या शेडमध्ये रेडिओ बंद होता. तो एका खुंटीवर दोरखंड गुंडाळत होता. पुन्हा सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. दारात काळी कुत्री बसली होती. ग्लेनिसला बघून तिने शेपटीने एकदा जमीन झाडली.

"तूही केक आणलास का?" अ‍ॅथलने विचारलं.

"डेमियनचा? तो मांजरानेही हुंगला नाही."

अ‍ॅथल हसला नाही. "मला फक्त एवढं सांग, ग्लेनिस. तुला वाटतं का, मी सांगितलं?"

तीस वर्षांत या माणसाने तिला कधी प्रश्न विचारला नव्हता. तिने खरं तेच सांगितलं. "वाटत नाही. पण वाटणं बाटलीत भरता येत नाही. गुरुवारी घरातून किती वाजता निघालास?"

"पावणेसातला. फोन स्वयंपाकघरात ठेवला. तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं."

"वाटेत कुणी भेटलं? व्हिक?"

व्हिक स्पिंक्स म्हणजे अ‍ॅथलचा शेजारी, आणि टेलवेदरचा भाट. कंपनीच्या कॅलेंडरवर त्याचा फोटो होता. तक्रारीचं कानावर येताच त्याने ‘कृतघ्न’ हा शब्द वापरला होता.

"व्हिक गुडघा धरून पडलाय. आठवडाभर बाहेर निघाला नाही. तक्रारीवरून आमचं बोलणंच बंद आहे."

"बोलणं बंद आहे, तरी कुत्री त्याची तुझ्या दारात?"

"जेट? माझ्या टगला गाईने लाथ मारली. पाय मोडला. गुडघा धरून पडायच्या आदल्या दिवशी व्हिकने फाटकाला जेटला बांधून ठेवली आणि हॉर्न वाजवून गेला." अ‍ॅथलने दोर सोडला. "बोलणं वेगळं. कुत्र्याशिवाय माणूस गुरं कशी आणणार?"

मग तो एकदम म्हणाला, "सोमवारी मी येणार नाही. पट्टे काढून टाकीन आणि गाई विकून टाकीन. कंपनी मला बाहेर जाऊ देत नाही, आणि हे लोक मला आत घेत नाहीत. दोघांच्या मधल्या जागेत किती दिवस उभा राहू?"

ग्लेनिसने दोर उचलून खुंटीला अडकवला. ती पिकअपमध्ये बसली आणि घराकडे वळण्याऐवजी वर, व्हिककडे वळली. आतून फुटलेलं नसेल तर बाहेरून कुणीतरी पाहिलेलं असणार; आणि त्या रस्त्यावर बाहेरचा म्हणावा असा एकच माणूस होता.

६

व्हिक स्पिंक्सने दार उघडलं, तिला बघितलं, आणि बंद करायला लागला. तिने बूट मध्ये घातला.

"गुरुवारी संध्याकाळी कुठे होतास, व्हिक?"

"तूही?" व्हिक म्हणाला. "तूही हेच विचारायला आलीस?"

"आणखी कोण विचारतंय?"

व्हिकचा चेहरा लाल झाला. लंगडत तो आत गेला आणि फोन घेऊन आला. त्याच्या फ्रीजवर कंपनीचं कॅलेंडर लटकत होतं. जून महिन्याच्या पानावर खुद्द व्हिक, एका बाजूला त्याची बक्षीसवाली गाय, दुसऱ्या बाजूला जेट. दोघींच्या गळ्यात सारखाच नारिंगी पट्टा, आणि व्हिकच्या चेहऱ्यावर जावई मिळाल्याचा आनंद.

"वाच," त्याने फोन पुढे केला.

‘प्रिय व्हिक, टेलवेदरबरोबरच्या आपल्या नात्याविषयी आपल्या मनात शंका असल्याचे समजते.’ तारीख शुक्रवारची. वेळ पहाटे पाच.

ग्लेनिसने ते दोनदा वाचलं. "कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? ज्याला त्याला या कंपनीचं कौतुक सांगत फिरलो, आता त्याला हे दाखवू? डेमियनला विचारलं तर म्हणतो, चूक झाली असेल, पण प्रक्रिया सुरू झाली की थांबवता येत नाही." त्याचा आवाज खाली आला. "मी गुरुवारी घरीच होतो, ग्लेनिस. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी होती. माझ्या शंका कुठून आल्या?"

ग्लेनिस फ्रीजकडे बघत होती. नोटिसा तिने मनात एका रांगेत मांडल्या. नेव्हिल, कॉरी, टान्या. आणि व्हिक, जो नव्हता. अ‍ॅथल मात्र नाही, जो होता.

मग तिने खुर्ची ओढली आणि न विचारता बसली.

"व्हिक," ती म्हणाली, "उद्या दुपारी एकला मला तू हॉलमध्ये हवास. कुबडी घेऊन ये. आणि तुझा फोनही आण."

"त्या कृतघ्न लोकांत?"

"तू त्यांच्यातलाच आहेस. कंपनीनेच सांगितलंय."

७

रविवारी एकला हॉलमध्ये सगळे जमले. कॉरीने सवयीने घरी भाजलेले स्कोन आणले होते, पण कुणी घेतले नाहीत. अ‍ॅथल दारापाशी उभा होता. ग्लेनिसने जाऊन त्याला हाताला धरून आणलं होतं. व्हिक कुबडीवर आत आला तेव्हा नेव्हिल उठला.

"हा इथे कशाला?"

"बस, नेव्हिल. तुझ्याच प्रश्नाचं उत्तर देतेय." ग्लेनिस टेबलाला टेकून उभी राहिली. "तू म्हणतोस, आपल्यातल्या कुणीतरी नावं दिली. बरं, दिली. म्हणजे कंपनीकडे गुरुवारी चार नावं पोचली. मग शुक्रवारी पहाटे तीनच नोटिसा का?"

"चौथा तिचा माणूस, म्हणून."

"मग शनिवारी त्याला का पाठवली?"

"झाकायला. सांगितलं ना."

"झाकायचं असतं तर पहिल्याच दिवशी पाठवली असती. फुकट होती. शुक्रवारी पहाटे कंपनीला अ‍ॅथल माहीतच नव्हता. त्याचं नाव तिला शुक्रवारी दुपारी कळलं. बाराला, खाद्याच्या दुकानात. तू काय ओरडलास ते आठव. ‘आमच्याबरोबर सही करताना.’ डेमियन पाच पावलांवर उभा होता."

नेव्हिल खाली बसला. बसताना खुर्ची करकरली.

"आता दुसरं. व्हिक, दाखव."

व्हिकने फोन टेबलावर ठेवला. कॉरीने नोटीस वाचली आणि तिच्या तोंडून डच भाषेत काहीतरी निसटलं.

"व्हिक या हॉलमध्ये नव्हता," ग्लेनिस म्हणाली. "त्याचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं. आपल्यातला कितीही हलकट माणूस फितूर झाला, तरी तो व्हिकचं नाव देईल? कुणाला पटेल? हे नाव माणसाने दिलेलं नाही. ज्याला व्हिक आणि व्हिकची वस्तू यांतला फरक कळत नाही, अशा कशाने तरी दिलंय. म्हणून मी काल मोजलं, गुरुवारी या हॉलपाशी व्हिकचं काय होतं?"

मग टान्याने हळूच मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेरच्या पिकअपपैकी चारांवर एकेक कुत्रं होतं.

"जेट," अ‍ॅथल म्हणाला.

"जेट. फोन आपण सगळ्यांनी घरी ठेवले. कुत्री कुणी घरी ठेवली? या भागात माणूस एकवेळ बायकोला विसरून येईल, पण कुत्र्याला नाही. आणि गेल्या वर्षी करार वाढवला तेव्हा कंपनीने काय भेट दिलं? कुत्रं हरवू नये म्हणून पट्टा. तोच नारिंगी, तसाच. तक्रार शिजतेय हे डेमियनला ठाऊक होतंच. चार गोठ्यांची चार कुत्री एका बंद हॉलबाहेर दोन तास बसून आहेत, हे त्याला नकाशावर दिसलं. गुरांची माहिती बघतो म्हणाला होता. खोटं बोलला नाही तो."

व्हिकने न सांगता फोन उचलला, जेटचा माग उघडला. गुरुवार, सात वाजून पाच. ठिपका हॉलवर. सात दहा, हॉलवर. नऊ वीसपर्यंत हॉलवर.

"माग बहात्तर तासच दिसतो," तो म्हणाला. "आज सातनंतर हे पुसलं जाईल."

"आपल्याला. त्यांना दिसत राहील," कॉरी म्हणाली.

उतरवून घ्यायचं बटण नव्हतं. टेलवेदरमध्ये ते कधीच नसे. टान्याने आपल्या फोनने व्हिकच्या, मग बाकीच्यांच्या फोनचे फोटो काढायला सुरुवात केली, आणि ग्लेनिसने प्रत्येक ठिपक्याची वेळ कागदावर उतरवली. चार कुत्री, दर पाच मिनिटांनी एक नोंद. नेव्हिल मोठ्याने वाचत होता, ग्लेनिस लिहीत होती. तीन वाजता काम संपलं तेव्हा पाचव्या सहीसाठी व्हिकने स्वतःहून हात पुढे केला.

अ‍ॅथल अजून उभाच होता.

"माझी सही मी ठेवतो की काढतो, ते उद्या सांगीन," तो म्हणाला. "कंपनीला तुम्ही सापडलात ते कुत्र्यांमुळे. मी सापडलो तो तुमच्यामुळे."

तो निघून गेला. त्याला थांबवायला कुणी उठलं नाही, आणि उठायचं कोणत्या तोंडाने?

८

आयोगाच्या अधिकारी, हेलेना कोस्टा, सोमवारी दहाला आल्या. बारीक अंगाच्या, खालच्या आवाजाच्या. त्यांनी कागद वाचले, फोटो आणि वेळा जुळवून पाहिल्या, व्हिकला तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही उत्तरांनंतर काही लिहिलं. कंपनीचा वकील कोपऱ्यात बसून तसंच लिहीत होता.

साडेअकराला अ‍ॅथल आला. अंगात लग्नातला कोट. तो नेव्हिलच्या शेजारची रिकामी खुर्ची सोडून व्हिकच्या पलीकडे बसला.

"मिस्टर मून, आपली सही कायम आहे?"

"आधी विचारायचं ते विचारा."

"तक्रार मागे घ्यावी म्हणून आपल्यावर कुणी दबाव आणला?"

"हो."

"कोणी?"

ग्लेनिसने कोपऱ्याकडे पाहिलं. वकिलाचं पेन थांबलं होतं. साक्षीदारांचा एकमेकांवरच विश्वास नाही, हे एक वाक्य त्याला मिळालं की बाकीचे कागद तो त्याखाली पुरून टाकील. आणि अ‍ॅथलने ते वाक्य गिळावं, असं सांगायचा अधिकार तिच्यासकट कुणालाही नव्हता.

"टेलवेदरने एक पत्र पाठवलं," अ‍ॅथल म्हणाला. "ते वाचायला एक मिनिट लागलं. बाकी तीन दिवस शेजाऱ्यांनी पाहून घेतलं. माझा चारा बंद झाला. दुकानात लोक बाजूला झाले. दोन्ही लिहा, बाई. एकच लिहाल तर मी सही करणार नाही."

कोस्टाबाईंनी वर पाहिलं. "शेजाऱ्यांनी म्हणजे नक्की कुणी?"

अ‍ॅथल कोटाच्या बटणाशी चाळा करू लागला. खुर्ची करकरली. नेव्हिल उभा होता, टोपी दोन्ही हातांत पिळत.

"नेव्हिल ब्रॅमिच," तो म्हणाला. "सुरुवात मी केली. चारावाल्यालाही मीच फोन केला होता. माझं नाव घाला."

वकील भराभर लिहू लागला. कोस्टाबाईंनीही लिहिलं, सावकाश, दोन्ही गोष्टी एकाखाली एक, आणि कागद फिरवून अ‍ॅथलपुढे सरकवला. त्याने बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं. नेव्हिलकडे त्याने पाहिलं नाही. सही केली.

"निकाल कधी?" व्हिकने विचारलं.

"अठरा महिने. जास्तही लागू शकतात."

"आणि तोवर?"

"तोवर," बाई म्हणाल्या, "आपला करार आहे तसाच चालू राहील, कलम सोळासकट."